डाउनहिल सायकल: मीडियम घ्यावी की लार्ज?

पत्र

मी गोव्यातल्या साखळीची. वय २६, उंची १६६ सेंमी, वजन ५८ किलो. चार वर्षं हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चालवते आहे, बहुतेक सत्तरी तालुक्यातल्या सड्यांवर आणि काजूच्या बागांतून उतरणाऱ्या वाटांवर. आता डाउनहिल सायकल घ्यायची आहे. राष्ट्रीय एमटीबी (माउंटन बाइक) स्पर्धेच्या डाउनहिल प्रकारात एकदा तरी उतरायचं मनात आहे. एकाच मॉडेलच्या दोन वापरलेल्या सायकली मिळताहेत, म्हापशात मीडियम आणि मडगावात लार्ज. लार्ज जास्त चांगल्या स्थितीत आहे आणि किंमतही थोडी कमी आहे. विकणारा म्हणतो, डाउनहिलला लांब फ्रेमच हवी, ती वेगात डगमगत नाही. भाऊ म्हणतो, मुलींनी स्मॉलच शोधावी. मी मीडियमवर बसून पाहिलं तर ती अगदी लहान मुलाची सायकल वाटली, गुडघे हनुवटीपर्यंत आले. दोन्हींचे आकडे सोबत लिहिते. माझ्या हार्डटेलचा रीच ४१५ मिमी, स्टेम (हँडलबार धरणारा भाग) ५० मिमी, पुढचा फोर्क १२० मिमीचा.

मीडियम: रीच ४४०, स्टॅक ६२०, चेनस्टे ४४०, व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) १२२५. पुढचं चाक २९ इंच, मागचं २७.५.
लार्ज: रीच ४६६, स्टॅक ६२९, चेनस्टे ४४०, व्हीलबेस १२५६. दोन्ही चाकं २९ इंच.
दोन्हींचा स्टेम ५० मिमी, दोन्हींत पुढे आणि मागे २०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर).

उत्तर

मीडियम घ्या. लार्ज स्वस्त मिळाली तरी नको.

तुम्ही मीडियमवर बसून पाहिलंत, आणि घोळ तिथेच झाला. डाउनहिल सायकलची सीट बसून पेडल मारण्यासाठी नसतेच. सीटपोस्ट खाली दाबलेला असतो, सीट ट्यूब मुद्दाम आखूड केलेली असते, आणि उतारावर तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेडलवर उभ्या असता. त्यामुळे बसल्यावर गुडघे वर आले म्हणून फ्रेम लहान ठरत नाही. सीट इतकीच खाली असेल तर सहा फूट उंचीचा माणूस एक्स्ट्रा लार्जवर बसला तरी त्याचे गुडघे वरच येतील. सीट ट्यूबची लांबी आणि टॉप ट्यूबची लांबी हे साध्या सायकलचा साइज ठरवायचे आकडे इथे बाजूला ठेवा. टॉप ट्यूबचा आकडा सीटच्या कोनावर अवलंबून असतो, म्हणून दोन डाउनहिल सायकलींची तुलना करताना तो हमखास फसवतो.

पाहायचा तो रीच, आणि रीचसोबत स्टॅक. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यातून सरळ वर रेघ काढली, तर तिथपासून हेडट्यूबच्या (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर म्हणजे स्टॅक. उभं राहून चालवताना पाय आणि हात यांच्यामध्ये किती जागा आहे, ते हेच दोन आकडे सांगतात.

हे आकडे सुटे वाचू नयेत. तुमच्या यादीत दोन सायकलींच्या रीचमध्ये २६ मिमीचा फरक दिसतो. पण लार्जचा स्टॅक ९ मिमी जास्त आहे. मीडियमचं हँडलबार तेवढ्याच उंचीवर आणायचं तर स्टेमखाली स्पेसर घालावा लागेल, आणि हेडट्यूब जमिनीशी ६३-६४ अंशांचा कोन (हेड अँगल) करून मागे कललेली असल्यामुळे बार वर जाताना मागेही येईल. १० मिमीच्या स्पेसरमागे साधारण ९ मिमी उंची मिळते आणि ४.५ मिमी रीच जातो. म्हणजे कागदावर २६ दिसणारा फरक हाताला ३० मिमीचा लागतो. व्हीलबेस ३१ मिमीने का वाढला, तेही यातूनच कळतं.

आता तुमच्या हार्डटेलशी तुलना करू. दोन्हींचे छापील रीच शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल, कारण तुम्ही वर उभ्या राहिल्यावर दोन्ही सायकली वेगवेगळ्या प्रकारे दबतात. हार्डटेलचा फक्त पुढचा फोर्क दबतो. १२० मिमीच्या फोर्कवर २० टक्के सॅग (तुमच्या वजनाने सस्पेन्शनचं दबणं) धरला तर पुढची बाजू २२ मिमीच्या आसपास खाली जाते, सायकल पुढे कलते आणि रीच सुमारे १२ मिमीने वाढतो. म्हणजे तुमच्या ओळखीचा, अंगवळणी पडलेला रीच ४१५ नसून ४२७ आहे. डाउनहिल सायकलचं उलट होतं. मागे ३० टक्के सॅग म्हणजे ६० मिमी, पुढे २० टक्के म्हणजे ४० मिमी. मागची बाजू जास्त बसते, सायकल मागे कलते आणि रीच सुमारे १२ मिमीने कमी होतो. मीडियमचा ४४० चा ४२८ होतो, लार्जचा ४६६ चा ४५४. त्यात स्टेम मिळवा:

हार्डटेल: ४२७ + ५० = ४७७
मीडियम: ४२८ + ५० = ४७८
लार्ज: ४५४ + ५० = ५०४

चार वर्षांत तुमच्या खांद्यांना आणि कमरेला जी सवय झाली आहे, तिच्याशी मीडियम १ मिमीच्या फरकाने जुळते. लार्ज २७ मिमीने लांब आहे, शिवाय तिचा बार हार्डटेलच्या बारपेक्षा रुंद असू शकतो. बार जितका रुंद तितकी छाती खाली आणि पुढे ओढली जाते, त्यामुळे हार्डटेलच्या ७४० मिमी बारवरून ८०० मिमीच्या बारवर गेलात तर आकडा तोच राहूनही सायकल लांब वाटेल.

‘लांब फ्रेम वेगात डगमगत नाही’ हे खरं आहे. विश्वचषकाच्या ट्रॅकवर वेग मोठा असतो, तिथे लांब व्हीलबेसचा फायदा होतो. पण तुम्ही कुठे चालवणार आहात? आपल्याकडचे उतार आखूड, वळणं जवळजवळ, आणि जमीन जांभ्याची. एप्रिलमध्ये त्यावर सुट्या खड्यांचा थर असतो, टायर त्यावरून गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो. जुलैत त्याच दगडावर शेवाळ चढतं. अशा जमिनीवर पुढचं चाक धरून ठेवायचं तर त्यावर वजन हवं. नुसत्या भूमितीचा हिशोब केला तर दोन सायकलींत फारसा फरक नाही: सगळं वजन पेडलवर असेल तर मीडियमच्या पुढच्या चाकावर त्यातलं ३६ टक्के येतं, लार्जच्या ३५ टक्के. खरा फरक शरीराच्या ठेवणीत पडतो. लार्जवर तेवढंच वजन पुढे ठेवायला तुम्हाला छाती ३ सेंमी पुढे न्यावी लागेल आणि ती तिथे टिकवावी लागेल. पहिल्या दोन उतारांना ते जमतं. तिसऱ्याला हात दमले, किंवा समोर अचानक मोठा दगड आला, की शरीर आपोआप मागे सरकतं, कोपरं सरळ होतात, पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणात घसरतं. पडल्यावर माणूस टायरला दोष देतो, नवा टायर घालतो, आणि पुन्हा त्याच वळणात पडतो.

सरळ झालेली कोपरं आणखी एक नुकसान करतात. चाक खड्ड्यात गेलं की बार पुढे-खाली ओढला जातो. त्याच्याबरोबर जायला हातात लांबी शिल्लक नसेल तर खांदेच ओढले जातात आणि सगळं शरीर पुढे फेकलं जातं. म्हणजे ज्या ‘पुढून उलटण्याच्या’ भीतीने लोक लांब फ्रेम घेतात, ती भीती फाजील लांब फ्रेमवरही संपत नाही.

भावाचा स्मॉलचा आग्रहही सोडून द्या. फ्रेमला बाई-पुरुष कळत नाही, उंची आणि हातांची लांबी कळते. फार आखूड फ्रेमवर वळताना बार गुडघ्याला लागतो, उभ्या उतारावर पुढचं चाक पायांच्या अगदी जवळ असल्याने प्रत्येक पायरी पुढे ढकलते, आणि वेग वाढला की हँडल थरथरतं. आमचा अंदाजपट्टा असा: १६० ते १६७ सेंमी उंचीला ४१५ ते ४४० रीच, १६७ ते १७५ ला ४३५ ते ४५५, १७५ ते १८३ ला ४५५ ते ४७५, त्यापुढे ४७५ ते ५००. तुम्ही पहिल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहात. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा आणि बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा. ते उंचीपेक्षा ५ सेंमीने जास्त निघालं तर ४४० निर्धास्त. उंचीपेक्षा कमी निघालं तर ४५ मिमीचा स्टेम घालून तेवढं भरून काढता येईल. साइजच्या अक्षरावर मात्र विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढा असतो.

मीडियमच्या बाजूने चाकाचाही मुद्दा आहे. २०१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या विश्वचषक फेरीत दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिन्नार २९ इंची चाकांवर जिंकला आणि बरेच डाउनहिलवाले २९ कडे वळले. पण मिन्नार उंच माणूस. २०१९ मध्ये यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची चाकं वापरायला परवानगी दिली, तेव्हापासून मागे २७.५ लावणारे पुष्कळ झाले. उभ्या उतारावर शरीर मागे-खाली न्यावं लागतं, आणि पायांची लांबी कमी असेल तर २९ चं मागचं टायर बुडाला घासतं. तुमच्या उंचीला मागे २७.५ सोयीचं.

म्हापशाला जाल तेव्हा आधी मोजा

वापरलेल्या फ्रेमवर रंग नवा असू शकतो, साइजचा स्टिकर दुसराच असू शकतो. शिवाय मागचं २७.५ चाक कंपनीने दिलेलं आहे की कोणी नंतर बसवलेलं, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. दोन्ही चाकं २९ ची धरून बनवलेल्या फ्रेममध्ये लिंक किंवा चिप (चाकाच्या मापाप्रमाणे भूमिती जुळवणारा फ्रेमचा सुटा भाग) न बदलता २७.५ घातलं तर मागचा अ‍ॅक्सल सुमारे १९ मिमी खाली येतो. हेड अँगल जवळजवळ एक अंशाने मागे झुकतो, बॉटम ब्रॅकेट १२ मिमीच्या आसपास उतरतो, आणि रीच सुमारे १० मिमीने घटतो. तसं असेल तर तुमचा ४४० प्रत्यक्षात ४३० आहे, आणि जांभ्याच्या वर आलेल्या दगडांवर पेडल आपटत राहतील.

मोजायला मेजरिंग टेप, लेव्हल आणि गवंड्याकडचा ओळंबा पुरेसा आहे. फरशी लेव्हलमध्ये असलेली जागा निवडा. दोन्ही टायरांत नेहमीची हवा भरा. सायकलवर कोणी बसू नये, एकाने नुसती सरळ धरावी. मागचं टायर भिंतीला टेकवा. ओळंबा बॉटम ब्रॅकेटच्या मध्यावरून सोडून फरशीवर खूण करा, मग हेडट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यावरून सोडून दुसरी खूण करा. भिंतीपासून दोन्ही खुणांची अंतरं घ्या. पहिलं ७९५ आणि दुसरं १२३५ आलं तर रीच ४४०. ओळंबा लोंबत असेल तर थांबेपर्यंत वाट पाहा. ५ मिमीपर्यंतची चूक चालून जाते, १० मिमीचा फरक आला तर कारण शोधा.

चाकाव्यतिरिक्त दुसरं नेहमीचं कारण फोर्कमध्ये असतं. डबल क्राउन फोर्कच्या नळ्या क्राउनमधून (हेडट्यूबच्या वर आणि खाली असलेल्या दोन पकडींमधून) वर सरकवता येतात. आधीच्या मालकाने १० मिमी वर काढल्या असतील तर पुढची बाजू तेवढी बसते, हेड अँगल ०.४ अंशाने उभा होतो, रीच ४-५ मिमीने वाढतो. यात धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. नळ्या जास्त वर काढलेल्या असतील तर फोर्क पूर्ण दबल्यावर टायर खालच्या क्राउनला आदळू शकतं, आणि चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून फोर्कची हवा पूर्ण सोडून तो तळापर्यंत दाबून बघा. टायर आणि क्राउन यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसली पाहिजे, पावसाळ्यातला चिखल टायरवर चढतो तो धरून.

हेडट्यूबचे जोड आणि शॉक (मागच्या सस्पेन्शनचा दबणारा भाग) बसतो त्या जागा कापडाने पुसून बॅटरीच्या उजेडात पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर सौदा तिथेच सोडा. किनारपट्टीवर ठेवलेल्या सायकलीचे बेअरिंग खाऱ्या हवेने गंजतात, ते बदलता येतात. तडा बदलता येत नाही.

मग स्प्रिंग

साइज चुकली असं वाटणाऱ्या कितीतरी सायकलींत चूक स्प्रिंगची असते. आधीचा मालक ८० किलोचा असेल तर शॉकवर ४५० पाउंडांच्या आसपासची (म्हणजे इंचभर दाबायला तेवढा जोर लागणारी) स्प्रिंग असू शकते. तुमच्या वजनाला ती बसतच नाही. मागची बाजू उंच राहते, सायकल पुढे कललेली वाटते, बार लांब वाटतो. अशा सायकलवर चाचणी घेऊन साइजचा निर्णय करू नका.

हेल्मेट, पॅड, बूट घालून पेडलवर उभ्या राहा, बसून नव्हे. २०० मिमी ट्रॅव्हलच्या फ्रेममध्ये बहुधा ७५ मिमी स्ट्रोकचा शॉक असतो, म्हणजे ३० टक्के सॅगला तो २२-२३ मिमी दबला पाहिजे. दुसऱ्याने टेपने मोजावं. कॉइलचा शॉक असेल तर मोकळ्या स्प्रिंगची लांबी आणि तुम्ही वर असतानाची लांबी यांतला फरक घ्या. साहित्यासह तुमचं वजन ६३ किलो धरलं तर ३०० पाउंडांच्या आसपासची स्प्रिंग लागेल. विकत घेताना स्ट्रोक आणि आतला व्यास तुमच्या शॉकशी जुळतो का ते आधी पाहा. प्रीलोडचं (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारं) चाक आवळून सॅग जमवायचा मोह टाळा, दोन फेऱ्यांपेक्षा जास्त लागत असेल तर स्प्रिंगच बदलायची. मऊ स्प्रिंग मिळेपर्यंत चाचणी घ्यायचीच असेल तर मनात १० मिमी रीच वजा करा.

चालवून बघताना

पेडल आडवे ठेवा, टाचा किंचित खाली, कमरेतून वाका, हनुवटी स्टेमच्या वर आणा. आता बोटं क्षणभर सैल सोडा. तोल पायांवरच राहिला तर फ्रेम जुळते. हातांना बार ओढून धरावा लागला तर शरीर मागे लटकतं आहे, तळव्यांवर भार आला तर ते पुढे कलंडतं आहे. बाजूने कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. कोपरं काटकोनाहून थोडी उघडी, बाहेर वळलेली दिसली पाहिजेत. मग मागे सरका आणि हात सरळ होण्याआधी बूड मागच्या टायरच्या किती जवळ जातं ते पाहा. शेवटी मोकळ्या जागेत इंग्रजी आठाच्या आकारात हळू फिरवा, दोन्ही बाजूंना. डबल क्राउन फोर्क मुळातच कमी वळतो. त्यात व्हीलबेस लांब असेल तर काजूच्या दोन झाडांमधून सायकल काढताना पाय टेकवावाच लागतो.

घेतल्यावर बदल एकेक करा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच उतार तीनदा तरी उतरा. स्प्रिंग पहिली. मग बारची उंची. हात वाकवूनही बार खाली वाटला तर आधी जास्त राइजचा (मध्यापेक्षा टोकं उंच असलेला) बार बघा, ३० किंवा ४० मिमीचा, कारण राइज वाढवताना बार फिरवून तो पुढे-मागे ठेवता येतो. स्पेसर घालायचाच तर १० मिमी स्पेसरला बोल्टही १० मिमी लांब हवेत. जुनेच बोल्ट वापरले तर आटे अर्धेच बसतात आणि पहिल्या मोठ्या उडीत स्टेम उखडतो. यात तडजोड नको. बार कापताना दोन्ही बाजूंनी ५-५ मिमी कापा, थांबा, चालवा. तुम्हाला ७६० ते ७७० वर सोयीचं पडेल असा आमचा अंदाज आहे. वर्षभराने आत्मविश्वास वाढला आणि मीडियम थोडी आखूड वाटली, तर हेडट्यूबचं माप साथ देत असल्यास ५ मिमी पुढे नेणारे हेडसेट कप (हेडट्यूबमध्ये बेअरिंग बसवायच्या वाट्या) मिळतात.

हाच हिशोब लार्जला लावून पाहा. मागे नेणारे कप ५ मिमी, स्टेम ४५ चा म्हणजे आणखी ५, स्पेसरमुळे ४.५. सगळं केलं तरी हाताजवळ १५ मिमीच कमी होतात, आणि पायांपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर कपचे ५ मिमी सोडले तर तेवढंच राहतं. स्टेम कितीही आखूड केला तरी फ्रेम आखूड होत नाही. मडगावची सायकल जितकी स्वस्त आहे तितके पैसे या सुट्या भागांतच जातील.

एक विनंती. सत्तरीत वाट म्हादई अभयारण्यात शिरते तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय उतरू नका, आणि कोणाच्या कुळागरातून वाट जात असेल तर घरी जाऊन विचारा. वर जायला पिकअप ठरवा, नाहीतर ही सायकल चढावर ढकलावीच लागते.

म्हापशाला जाताना टेप, ओळंबा, लेव्हल, शॉक पंप, टायर पंप, अ‍ॅलन कीचा संच आणि स्वतःचे बूट न्या. मोजमाप ४३५ ते ४४५ मध्ये आलं, तडा नसला आणि मागचं चाक कंपनीचं असलं तर घेऊन टाका. ४३० आलं आणि मागचं चाक नंतर बसवलेलं निघालं, तर योग्य लिंक किंवा चिपची किंमत विचारून तेवढी रक्कम सौद्यातून कमी करून मागा.